योगिनीचा कारखाना

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आवाहन.

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून इथे लिहायला घेतलं आहे. मनातलं कुठेतरी ठेवायला हवं. शेजारच्या राणीला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या नारायणगुड्याला कळतं.

आज गौरी बसल्या. बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या. प्रत्येकीने विचारलं, "योगिनी कुठाय?" मी सांगितलं, डोकं दुखतंय. दार वाजवून म्हटलं, "योगे, निदान नमस्कार तरी कर." आतून "हो" आलं. दार उघडलं नाही.

मार्चमध्ये तिच्या कंपनीने एका दिवसात दोनशे माणसं कमी केली, त्यात ही गेली. आधी रोज अर्ज पाठवायची, मुलाखतींना जायची. जूनपासून तेही बंद. आता अंघोळ कर म्हणून सांगावं लागतं. जेवण म्हणजे अर्धी पोळी. बाकी दिवसभर कॉम्प्युटरवर एकच खेळ. सव्वीस वर्षांची मुलगी, पण हाताची हाडं दिसायला लागली आहेत.

यांना म्हटलं, डॉक्टरला दाखवू. हे म्हणाले, "त्या डॉक्टरला? उद्या स्थळ आलं तर काय सांगशील? नोकरी लागली की होईल नीट."

मला भीती वाटते. कशाची, ते लिहीत नाही, लिहिलं की खरं होतं. गौरींपुढे पदर पसरला आणि एवढंच मागितलं की माझी मुलगी मला राहू दे.

२ सप्टेंबर, मंगळवार. गौरींना निरोप.

घावन-घाटल्याचं ताट घेऊन सरळ तिच्या खोलीत गेले आणि पलंगावर बसले. जा म्हणाली नाही. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फोडल्यासारखं काहीतरी चाललं होतं. पट्टे सरकत होते, धूर निघत होता, वरून बारीक बारीक काहीतरी उडत होतं.

"काय करायलीस?"

"कारखाना."

"कशाचा?"

"रॉकेटचा."

मग तुटक तुटक सांगितलं. एका माणसाचं यान अनोळखी जमिनीवर पडलं आहे. तिथे कुणी नाही, फक्त किडे आहेत आणि ते अंगावर येतात. त्या एकट्याने लोखंड खणायचं, वितळवायचं, यंत्रं करायची, त्या यंत्रांनी आणखी यंत्रं करायची. शेवटी रॉकेट.

"मग त्यात बसून घरी जायचं?"

"नाही. रॉकेट सुटलं की खेळ संपला."

मला तो एकटा माणूस बघवला नाही. पण बोलता बोलता तिने तीन घावन खाल्ले, तिच्या ध्यानातही आलं नाही. मी ठरवलं, रोज दुपारी इथेच येऊन बसायचं. डाळ-तांदूळ काय, तिथेही निवडता येतात.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी.

आज मला पेट्या कळल्या.

कारखान्यात माल नेण्या-आणण्याचं काम उडणारे छोटे रोबो करतात. माल ठेवायला रंगांच्या पेट्या असतात. लाल पेटीत तयार माल असतो, तो लागेल तसा न्यायचा. निळी पेटी मागणारी. तिच्यावर लिहून ठेवायचं, हे एवढं हवं, की रोबो लालमधून आणून देतात. पिवळी पेटी उरल्यासुरल्याची. ज्याला कुठे जागा नाही ते तिथे जाऊन पडतं.

मी म्हटलं, "म्हणजे लाल पेटी आपली कोठीची खोली, निळी म्हणजे ओट्यावरचे डबे आणि पिवळी म्हणजे माळा."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. "हौ," म्हणाली.

"आणि रोबो?"

"रोबो म्हणजे तू. दिवसभर कोठीतून ओट्यावर, ओट्यावरून माळ्यावर."

"त्यांना पगार?"

"नाही. खांबापाशी जाऊन चार्ज व्हायचं आणि परत कामाला लागायचं."

"मग माझ्यापेक्षा बरे. मला कुठे खांब आहे?"

हसली. आवाज झाला नाही, पण हसली.

१० सप्टेंबर, बुधवार.

माझ्या हातून आज किडे आत आले.

योगिनीने मला एक निळी पेटी दिली होती, "हिच्यात चाकं मागव, तुझ्या हाताने." किती ते ती सांगणार, तेवढ्यात दारावर कुरिअरवाला आला म्हणून उठून गेली. मी विचार केला, यंत्राला चाकं लागणारच, घरात असलेली बरी, पुन्हा पुन्हा कोण मागवणार. पाच हजार लिहिलं. सगळे रोबो, अगदी सगळेच्या सगळे, चाकं आणायला उडाले. थोड्या वेळात त्यांची शक्ती संपली. चार्ज व्हायच्या खांबापाशी ही रांग, रेशनच्या दुकानासारखी. तिकडे कुंपणाच्या भिंतीवर दुरुस्तीचा माल पोचेना आणि किड्यांनी भिंत फोडली.

"आई! पाच हजार चाकं! लोणचं घालायचंय का?"

मला हसू आलं, मग तिलाही आलं. पोट धरून हसलो. बाहेर हे पेपर वाचत होते. "काय झालं, काय झालं?" करत दारात येऊन उभे राहिले. किती महिन्यांनी या घरात असा आवाज झाला.

नंतर तिने समजावलं. निळ्या पेटीत आज लागेल तेवढंच मागायचं. एकीने भरून ठेवलं की दुसरीकडे उपासमार. मला लागलं ते जरा. माझ्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे किती आहेत, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार.

पिवळ्या पेट्यांकडे मला बघवत नव्हतं. कोळसा, तांब्याची तार, औषधाच्या बाटल्यांसारखं काही, सगळं एकात एक. म्हटलं, "हे सोवळ्या-ओवळ्याचं काहीच नाही का गं इथे?" ती म्हणाली, आहे की. एका पेटीला एकच वस्तू नेमून देता येते, मग रोबो दुसरं काही तिच्यात टाकत नाहीत. दुपारभर दोघींनी पेट्या नेमल्या. शेवटी कारखाना असा दिसायला लागला, जसा दिवाळीआधीचा स्वयंपाकघराचा कट्टा.

आणि काय आश्चर्य! खेळ थांबवून ती उठली आणि स्वतःचं कपाट आवरायला लागली. ऑफिसचे चांगले कपडे घड्या करून राणीच्या मुलीला देऊन आली. पुस्तकं बांधून ठेवली, कुठलं कुणाला द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या लावून. चांदीचे पैंजण माझ्या हातात दिले, "मला नकोत आता, तुझ्याकडेच असू देत."

मी आठ वर्षं ओरडत होते कपाट आवर म्हणून. ते शेवटी पिवळ्या पेट्यांनी केलं. गजाननाची कृपा.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दशमी, सासऱ्यांची तिथी.

गुरुजी आले, श्राद्ध नीट झालं. योगिनी स्वतःहून अंघोळ करून आली आणि वडे तळायला मदतीला उभी राहिली. मला तर भरूनच आलं.

वडे तळताना विचारते, "आई, लग्न न झालेल्या मुलीचं कोण करतं?"

"काय कोण करतं?"

"हेच. श्राद्ध."

मी म्हटलं, आजच्या दिवशी असं विचारू नये. पण धर्माचं काही विचारते आहे म्हणून सांगितलंही, की सर्वपित्री अमावास्येला ज्यांचं कुणी नाही त्यांचंसुद्धा होतं, कुणी उपाशी राहत नाही.

"बरंय मग," म्हणाली, आणि झारा माझ्या हातातून घेतला. "तू बस, तुझे पाय दुखत असतील."

पूर्वी श्राद्ध म्हटलं की नाक मुरडायची. आता वळण लागतं आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

आता ती मला सगळा कारखाना शिकवायला बसली आहे. कुठला पट्टा कुठे जातो, कुठल्या पेटीत काय कमी पडलं की काय करायचं. "मी नसले तरी हे चाललं पाहिजे. कुणी मध्ये बसायला नको."

"तुला नोकरी लागली की मी कशाला बघू हे? मला काय कामं नाहीत?"

"तरी बघ. संध्याकाळी दिवा लावलास की एकदा बघत जा."

मी शिकते. मॅट्रिकला माझं गणित चांगलं होतं.

यांनाही तिने बसवून बँकेचं सगळं सांगितलं. कुठे किती आहे, विमा कुठला, पासवर्ड काय. हे खूश. म्हणाले, "बघितलंस? जबाबदारी यायली. डॉक्टर-बिक्टर काही लागला नाही." मी पण देवापुढे साखर ठेवली.

फक्त एक आहे. काम करताना मान वर केली की ती माझ्याकडे बघत असते. "काय बघायलीस?" विचारलं. "काही नाही. बघायलेय."

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

खाली बतुकम्मा सुरू झाली. तेलुगू बायका फुलांची रास मांडून टाळ्या देत फेर धरत होत्या. राणी हाक मारून गेली, "अक्का, योगिनीला पाठवा ना!" ती गेली नाही, पण गॅलरीत उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.

ती अंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला. मी घेतला. प्रशांत नावाचा मुलगा होता, पुण्याचा. हा कारखाना दोघांच्या सामाईक जागेत आहे म्हणे, तो पण त्यात खेळतो.

"काकू, योगिनी ठीक आहे ना?"

"हो की. का?"

"तिने काल सगळे अधिकार माझ्या नावावर केले. मालकी, सगळंच. आणि तुमचा नंबर मला पाठवला, म्हणाली असू दे. मला जरा विचित्र वाटलं."

मी सांगितलं, काही काळजी करू नको, उलट आता फार छान आहे. रोज अंघोळ करते, देवाजवळ बसते, खोली लख्ख ठेवली आहे, कुणावर चिडत नाही. तो म्हणाला, "तरी पण काकू, तुम्ही तिच्याशी बोला. नीट बसून बोला."

"आम्ही रोजच बोलतो," मी म्हटलं. उगाच का कुणी मुलगा इतकी चौकशी करतो? आडनाव विचारून घेतलं. देशस्थ निघाला. यांना अजून सांगितलेलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार.

नवरात्राच्या कामांत लिहायला झालं नाही. घटाचं धान छान वर आलं आहे. योगिनी रोज माझ्यासोबत पाठाला बसते.

रॉकेट होत आलं. उंच मनोऱ्यासारखं आहे, एक एक भाग रोबो आणून घालतात. तिने हिशेब केला, नवमीच्या दुपारी शेवटचा भाग बसेल आणि ते आपोआप सुटेल.

"मग?"

"मग माझं काम संपलं."

"मग दसऱ्यानंतर पुन्हा अर्ज पाठवायला लाग."

"हं."

मला मुख्य स्विच दाखवला. सगळ्या कारखान्याची वीज त्याच्यावर. "काही पेटलं-बिटलं तर हा बंद करायचा. एरवी हात लावायचं काम नाही."

झोपताना डोक्यावरून हात फिरवला, तर तिने तो धरून ठेवला, सोडेचना. लहान असताना धरायची तसा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी योगिनी लवकर उठली. आकाशी चुडीदार घातला. मला नमस्कार केला, मग यांना वाकून केला. हे म्हणाले, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "नवमी ना." मग मला म्हणाली, "नामपल्लीला एका मैत्रिणीला भेटून येते. दुपारी रॉकेट सुटेल, तू बघ. मला सांगायचं काही काम नाही, नुसतं बघ." इतक्या महिन्यांनी एकटी घराबाहेर पडत होती. मला वाटलं, आई जगदंबे, नऊ दिवसांचं फळ दिलंस. पिशवीत डबा देऊ म्हटलं, तर नको म्हणाली. दारातून वळून पुन्हा आली आणि मला मिठी मारली. माझे हात पिठाचे होते, तिच्या पाठीला लागलं पीठ.

ती गेल्यावर पूजा मांडली. शिलाई मशीन, मिक्सर, विळी, सुरी, यांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. मग कॉम्प्युटरला गंध लावायला तिच्या खोलीत गेले. पडद्यावर कारखाना चालूच. रोबो नुसते इकडून तिकडे, तिकडून इकडे.

गौलीगुड्यात आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हळद-मिरची दळायची गिरणी होती. खंडेनवमीला तिचा पट्टा उतरवून ठेवायचे. कितीही गिऱ्हाईक आलं तरी नाही म्हणजे नाही. आण्णा म्हणायचे, वर्षभर जे आपल्यासाठी फिरतं त्याला एक दिवस बसू द्यावं, नाहीतर ते एक दिवस आपणहून बसतं. माझ्या मनात आलं, ही बिचारी यंत्रं तर महिनोन् महिने थांबलेली नाहीत. रॉकेटसारखं मोठं काम, आणि नवमीच्या दिवशी पूजेविना? अपशकून नको. योगिनीला फोन करून विचारावं वाटलं, पण ती इतक्या दिवसांनी बाहेर पडली आहे, खेळाचं सांगून कशाला मागे ओढायची? नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करीन.

मुख्य स्विच बंद केला. सगळं शांत झालं. रोबो हवेत होते तिथे मंदावले. मी फूल वाहिलं.

मग पुरण झालं, आरती झाली, सवाष्ण जेवायला आली, तिची ओटी भरली. परत खोलीत येईपर्यंत दुपार कलली होती. पडदा लाल लाल झालेला. कुंपणावरच्या तोफा विजेवर चालतात, हे मी विसरले होते की मला कळलंच नव्हतं, कोण जाणे. किडे आत आले होते. पेट्या फोडत होते, खांब पाडत होते. स्विच दाबला तर वीजच येईना, तारा तोडल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या उंच मनोऱ्यापाशी धूर निघाला.

योगिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. मी रडायलाच लागले होते. लावतच राहिले. शेवटी उचलला.

मागे स्टेशनावरची गाडीची सूचना चालली होती, आधी तेलुगूत, मग हिंदीत.

"योगे, मी तुझा कारखाना बुडवला गं! किडे आत आलेत, सगळं खायलेत. मला काही येईना, तू ये!"

तिचा आवाज आला, झोपेतून उठवल्यासारखा. "काय केलंस तू?"

"मुख्य स्विच बंद केला."

"कशाला?"

"आज खंडेनवमी ना. यंत्रं बंद ठेवतात."

पलीकडून एक आवाज आला. हसली की रडली, मला कळलं नाही. गाडी आल्याचा मोठा धडधडाट झाला, त्यात काहीच ऐकू येईना. मी "योगे, योगे" करत होते. गाडी थांबल्यावर तिचा श्वास ऐकू आला.

"आई, कशाला हात लावू नको. येते मी."

ऑटोतून आली. केस सुटलेले, ओढणी एकीकडे. चपला न काढता खोलीत गेली. मला वाटलं, आता बोलणारच नाही माझ्याशी. तर काय ओरडली! "जगात कोण खेळाची आयुधपूजा करतं? कोण करतं, सांग मला! दोन वर्षांचं काम माझं! रॉकेट वर जायला फक्त तीन भाग राहिले होते!"

"खेळ असला तरी यंत्रच ना ते?"

"यंत्रच ना! अगं बाई!" टेबलावर हात आपटला. प्रशांतला फोन केला, जुनी प्रत आहे का विचारलं. गणपतीच्या आधीची आहे म्हणाला, तिच्यात तर रॉकेटचा पायासुद्धा नाही. मग त्याच्यावरही ओरडली. हे दारात येऊन घाबरून परत गेले. जूनपासून हिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता, आज खालच्या मजल्यावर गेला असेल.

मग रडली. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखी. मी जवळ जायला घाबरत होते. तिनेच ओढून घेतलं.

पुरणपोळी तिथेच बसून खाल्ली, एका हाताने किडे मारत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

मला उठू देत नाही. "तू बुडवलंस, तूच उचल." फुटलेल्या पेट्यांतला माल जमिनीवर विखुरला आहे, तो रोबोंकडून गोळा करून घ्यायचा. पण पेट्याच नाहीत म्हणून रोबो हातात माल घेऊन तसेच घिरट्या घालतात. आधी त्यांना ठेवायला जागा करून द्यायची, मग बाकीचं. दिवसभर मी नुसत्या पिवळ्या पेट्या मांडल्या. ती कुंपण बांधते आणि मला बोलते.

"आई, तिकडे नको, वाट अडते."

"मग कुठे?"

"डोळे आहेत ना?"

ऐकून घेते. पूर्वी मला उलट बोललेलं खपायचं नाही.

संध्याकाळी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन हे आले, सोनं वाटलं. चुडीदार धुवायला घेतला तर पाठीवर माझी पिठाची दोन बोटं तशीच होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

दुपारी तांबं मागवत होतो. पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "आई, परवा मी कुणाला भेटायला गेले नव्हते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

माहीत नव्हतं. म्हटल्यावर माहीत झालं. पैंजण, पुस्तकं, बँक, वडे तळताना विचारलेलं ते, सगळं एकदम अंगावर आलं. मी त्या सगळ्यासाठी देवापुढे साखर ठेवली होती.

पुढे काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. माऊसवर तिचा हात होता, त्यावर मी माझा ठेवला. पडद्यावरची खूण भलतीकडे गेली.

"फोन घेणार नव्हते," ती म्हणाली. "पण तू थांबेचनास."

मग म्हणाली, "मला डॉक्टरकडे ने. बाबा नाही म्हणाले तरी ने."

४ ऑक्टोबर, शनिवार.

यांना सांगितलं. सगळं, स्टेशनसकट. आधी म्हणाले, "काहीतरीच बोलू नको." मग म्हणाले, "ती असं म्हणाली?" मग न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. पाण्याचा थेंब वाया गेला की ओरडणारी मी, नळ वाहू दिला.

बाहेर आल्यावर कुणाकुणाला फोन करून त्यांनीच वेळ घेतली. स्थळाचं नाव काढलं नाही.

प्रशांतला मी स्वतः फोन केला. म्हटलं, बाळा, तू सांगितलं होतंस, माझ्याच ध्यानात आलं नाही. तो म्हणाला, "काकू, मी रोज येतो खेळायला. सकाळी मी बघतो तिला, दुपारी तुम्ही बघा."

८ ऑक्टोबर, बुधवार.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान आहेत. योगिनी आत एकटी बराच वेळ होती. हे बाहेरच्या बाकावर बसले होते. ऑफिसातले कुणी मुकुंदराव समोरून गेले आणि थबकले, "श्रीनिवासराव, इकडे कुठे?" मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. हे म्हणाले, "मुलीला दाखवायला आणलंय." आणि बसून राहिले.

मग आम्हाला आत बोलावलं. बाईंनी नीट सांगितलं की हा आजार आहे, आळस नव्हे, हट्ट नव्हे. औषध लागू पडायला काही आठवडे जातील, तोपर्यंत हिला एकटं ठेवायचं नाही. आणि एकदम शांत, आवरलेली दिसायला लागली तर त्याला बरं झालं समजू नका, मला फोन करा. मी मान खाली घातली.

त्यांनी मला विचारलं, "ही कुणाशी बोलत नव्हती म्हणता, मग तुमच्याशी काय बोलायची?"

मी पेट्यांचं सांगितलं. लाल, निळी, पिवळी. खंडेनवमीचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि योगिनीकडे बघून विचारलं, "अब कितना बाकी है?"

"बहोत बाकी है मॅडम," योगिनी म्हणाली. "आधा तो मम्मी डुबा दिये."

बाई हसल्या. योगिनी हसली. यांनाही हसू आलं. मला नाही आलं, मी पदर डोळ्यांना लावला. परतताना ऑटोत योगिनी हळूच म्हणते, "रडू नको गं, ऑटोवाला आरशातून बघायलाय."

आत्ता दिवेलागणीला देवापुढे बसले. ती मागे पलंगावर, दार उघडं ठेवून, प्रशांतशी कुंपणावरून भांडत होती. नेहमी मी देवाला म्हणते, सगळं पार पडू दे. आज तसं म्हटलं नाही. म्हटलं, पुष्कळ बाकी राहू दे.